पाठीला सांगितलेल्या गोष्टी

मी पायलटाची मोटारसायकल बोलतेय. परगावच्या माणसाला पायलट म्हटलं की विमान आठवतं. आमच्या गोव्यात पायलट म्हणजे मोटारसायकलवर मागे पॅसेंजर बसवून त्याला दारापर्यंत पोचवणारा माणूस. माझं अंग काळं आणि पुढचं मडगार्ड पिवळं, हीच आमच्या धंद्याची खूण. डिचोलीच्या बसस्टँडाशेजारी आम्ही नऊ गाड्या ओळीने उभ्या असतो. त्यातली सगळ्यात जुनी मी.

चौदा वर्षं मी फक्त ऐकलंय. आज थोडं सांगणार आहे, आणि सांगेन ते पक्कं असेल. मी माणसाचं तोंड बघून काही ठरवत नाही, मला माणूस त्याच्या बसण्यावरून कळतो.

संशयी माणूस सीटच्या अगदी टोकाला बसतो, मागची दांडी दोन्ही हातांनी आवळून, पायलट आपल्याला मुद्दाम पाडणार असल्यासारखा. भिडस्त माणूस आपली पिशवी मध्ये ठेवतो, म्हणजे अंगाला अंग लागायला नको. ज्याला घरात सगळ्यांवर हुकूम चालवायची सवय आहे त्याचे पाय मागे बसूनही ब्रेक दाबत असतात. उतावळा माणूस मी थांबायच्या आधीच एक पाय खाली टाकतो. आणि काही माणसं बसताक्षणी पायलटाच्या खांद्यावर हात ठेवतात, ओळख असो वा नसो. ती माणसं मला आवडतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. आठवतो तो म्हापशाचा शोरूम. तिथून मला कृष्णनाथ घेऊन आला. डिचोलीत आणल्याबरोबर त्याने रंगाऱ्याकडून माझं मडगार्ड पिवळं करून घेतलं, पुढे झेंडूचा हार घातला आणि पहिल्याच दिवशी मला एका म्हशीवर घातलं. म्हैस बरी होती. माझ्या मडगार्डाला डाव्या बाजूला अजून खोक आहे.

कृष्णनाथ म्हणजे बोलका माणूस. पॅसेंजर बसला की याचं तोंड सुरू. कुठल्या घरचा, सून कुठली, पोराला नोकरी लागली की नाही, उतरेपर्यंत सगळं विचारून घ्यायचा. गाडीही तशीच चालवायचा. गप्पा रंगल्या की जोरात, विषय संपला की हळू. खड्डा आला की शिवी आणि ब्रेक एकदमच. मला वाटायचं माझा स्वभावच असा धडपडा आहे.

दहा वर्षांनी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि त्याने मला गुरुदासला देऊन टाकलं. तेव्हा मला कळलं की धडपड माझी नव्हती. तीच मी, तेच इंजिन, पण गुरुदासच्या हाताखाली मी अशी चालू लागले की म्हातारी माणसं मागे बसून डुलक्या काढायची. गुरुदास चाळीसच्या वर जात नाही आणि चाळीसच्या खालीही येत नाही. मागून ट्रकने हॉर्न मारून कान किटवले तरी नाही.

हा गुरुदास चौतीस वर्षांचा, सडपातळ, आणि लाजाळू तर इतका की चहावाल्याने दुधाच्या चहाऐवजी काळा चहा दिला तर तोच पितो. चार माणसं समोर उभी राहिली की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. मान खाली जाते, कानाच्या पाळ्या लाल होतात, आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. लहानपणी शाळेत फळ्यापुढे उभं केलं की असंच व्हायचं, म्हणून त्याने आठवीतच शाळा सोडली. हे त्याने मला सांगितलंय. हो, मला सांगतो तो. रोज सकाळी मला पुसताना सगळं बोलतो.

आणि आणखी एक गंमत. मी धावायला लागले की तो पॅसेंजरशीही बोलतो. कारण मोटारसायकलवर कोणी कोणाचं तोंड बघत नाही. पायलट रस्त्याकडे बघतो, मागचा माणूस पायलटाच्या पाठीकडे. म्हणून तर मागची माणसंही मन मोकळं करतात. नवऱ्याला न सांगितलेलं, डॉक्टरला न सांगितलेलं माझ्या सीटवर कितीजणांनी सांगितलंय. पाठीला सांगणं सोपं असतं.

आता आमच्या स्टँडाची रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाड्या ओळीने लागतात. पॅसेंजर आला की ज्याचा नंबर पहिला त्यानेच त्याला न्यायचं. ओळखीचा असो, पाहुणा असो. आणि स्टँड सोडून दुसरीकडून पॅसेंजर उचलायचा नाही. आड जागी उभं राहून भाडं उचलणारा म्हणजे स्टँडावरच्या सगळ्यांच्या तोंडचा घास काढणारा. त्याचा नंबर जातो, मग त्याला ओळीत जागा नाही. आमच्या स्टँडाचा वडील माणूस रघुनाथ. साठी उलटलेला. कसलाही निवाडा करण्याआधी तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतो, आणि तेवढ्या वेळात भांडणारे निम्मे थंड होतात.

निम्मे. स्वप्नील सोडून.

स्वप्नीलचा बाप सिंधुदुर्गातून खाणीच्या ट्रकावर ड्रायव्हर म्हणून आला होता आणि इथलाच झाला. बाप गेला, खाण थंडावली, पोराने मोटारसायकल घेतली. स्वप्नील ओळीत उभा असला तरी त्याचा हात ॲक्सिलरेटरवरून निघत नाही. कोण काय बोललं, कोण का हसलं, याच्यावर त्याचं बारीक लक्ष. पण एकदा बाजारात एका शाळकरी मुलीला टेम्पोची धडक बसली तेव्हा आम्ही आठ गाड्या बघत राहिलो, आणि हा तिला मागे बसवून, तिच्या मैत्रिणीला तिला धरायला लावून, दवाखान्यात पोचलासुद्धा. तापट माणसाचा ताप कधी कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

या स्वप्नीलला एक बहीण, शीतल. दोन वर्षांपूर्वी तिने आमोण्याच्या सर्वेश नावाच्या शेतकरी मुलाशी कचेरीत सह्या करून लग्न केलं आणि घरी नंतर सांगितलं. स्वप्नीलने त्या दिवशी तिचं नाव टाकलं. घरात तिचा विषय काढायचा नाही, तिच्याकडे कोणी जायचं नाही. आई लक्ष्मी रडली, पण लेकासमोर बोलली नाही.

मग गेल्या पावसाळ्यात शीतलला मूल झालं.

एका बुधवारी, म्हणजे डिचोलीच्या बाजाराच्या दिवशी, लक्ष्मीकाकी गुरुदासला बेकरीच्या मागच्या गल्लीत भेटली. हातात गरम पोयांची, म्हणजे आमच्या गोव्याच्या कोंड्याच्या पावांची, पिशवी. इकडेतिकडे बघत म्हणाली, "गुरुदास, माका आमोण्याक सोडशीत? बसने गेलंय तर कंडक्टर माझ्या झिलाक, स्वप्नीलाक, सांगतलो." गुरुदासने नुसतं पिशवीकडे बघितलं. ती म्हणाली, "तू बोलत नाय म्हणान तर तुका सांगतंय."

गुरुदासला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा दोष. दिलेला शब्द मोडता येत नाही, हाही. त्याने मान हलवली.

तेव्हापासून दर बुधवारी तो रिकामा ओळीतून निघायचा आणि बेकरीमागून काकीला घ्यायचा. काकी त्याच्याकडून हेल्मेट मागून घ्यायची. डिचोलीत मागे बसणारी एकही बाई हेल्मेट घालत नाही, सगळ्यांना अंबाड्यातल्या फुलांची काळजी. काकी मात्र काच खाली ओढून अशी बसायची की तिला तिच्या पोटच्या पोरानेही ओळखलं नसतं. वाटेतलं कुडणे गाव मागे पडलं, रस्त्याला माणसं कमी झाली की ती काच वर करायची आणि हात हळूच गुरुदासच्या खांद्यावर ठेवायची. मग सुरू व्हायचं. नातू कसा हसतो, शीतल कशी वाळलीय, स्वप्नील लहानपणी बहिणीला पाठीवर बसवून कसा ओढा ओलांडायचा. मला सगळं पाठ झालं.

परतताना पिशवीत तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, असायची, शीतलच्या वाफ्यातली, मुळांना अजून माती लागलेली. स्वप्नीलला ती बाजारातली म्हणून वाढली जायची. तो आमच्या ओळीत उभा राहून सगळ्यांना सांगायचा, बुधवारच्या बाजारात एक बाई असते, तिच्यासारखी भाजी अख्ख्या डिचोलीत नाही. हे ऐकून गुरुदासच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि तो मला उगीचच पुसायला लागायचा.

असे पाच महिने गेले. मग आनंदीने बघितलं.

आनंदी स्टँडाच्या कोपऱ्यावर फुलं विकते. तिच्या टोपलीत अबोली कमी आणि बातम्या जास्त. तिने एवढंच बघितलं की गुरुदास बेकरीमागून एक बाई उचलतो आणि त्या बाईच्या डोक्यावर हेल्मेट असतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टँडाला कळलं. पहिल्यांदा हसू झालं. आमच्या मुक्याला हेल्मेटवाली मिळाली, म्हणे. लग्नात अक्षता टाकायच्या की हेल्मेटावर वाजवायच्या, म्हणे. गुरुदास खाली बघत राहिला.

पण स्वप्नील हसला नाही. तो पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई कोण ती असूंदे. पण दर बुधवारी भाडा आडून उचलतंस ना? बाजाराच्या दिवशी? आमी हय उन्हात नंबर लावून उभे, आणि हो साधो म्हणान आमी गप." मग आणखी जवळ येऊन म्हणाला, "बोल मरे."

गुरुदासचं तोंड उघडलं. मला वाटलं आता सांगेल. काय सांगणार? खरं सांगितलं तर काकीला दिलेला शब्द मोडतो. खोटं त्याला येत नाही. तोंड परत मिटलं. समोर उभ्या असलेल्या माणसांना त्या गप्प बसण्याचा एकच अर्थ लागला.

रघुनाथने चष्मा काढला, पुसला, घातला. "गुरुदास, तुजें कितें आसा तें सांग," तो म्हणाला, म्हणजे तुझी काय बाजू असेल ती मांड. गुरुदास मला पुसायला लागला. तेव्हा रघुनाथने ठरवलं. पुढच्या बुधवारी दहा वाजता सगळ्यांसमोर काय ते सांगायचं, नाहीतर नंबर सोडायचा.

तुम्ही म्हणाल, एक स्टँड गेला तर दुसरा आहे. गुरुदाससारख्याला नाही. नव्या जागी जाऊन नव्या आठ माणसांत उभं राहायचं, नवीन ओळखी करायच्या, हे त्याच्याने होणारं नव्हतं. या ओळीत त्याला न बोलता जागा मिळाली होती. ती गेली तर तो मला विकून घरी बसला असता, हे मला त्या आठवड्यात रोज सकाळी पुसताना कळत होतं. फडकं एकाच जागी फिरत राहायचं.

बुधवार आला. त्या दिवशी गुरुदासने काकीला आठ वाजताच बेकरीमागे बोलावलं होतं. कुडणे मागे पडलं, काच वर गेली, खांद्यावर हात आला. आणि काकीने तोंड उघडायच्या आधी गुरुदास बोलला. स्टँडावर काय झालं ते सगळं, रस्त्याकडे बघत, चाळीसच्या वेगाने. शेवटी म्हणाला, "काकी, स्वप्नीलाक हांव आमोण्यां घेवन येतां."

खांद्यावरचा हात उचलला गेला. सीटवर काकीचं वजन एकदम जड झालं. ती म्हणाली, "तो येवचो नाय. आयकाचोसुद्धा नाय."

"आयकचो ना," गुरुदास म्हणाला. "पूण फाटल्यान बसलो जाल्यार देंवपाक मेळचें ना."

ऐकणार नाही, पण मागे बसला तर उतरताही यायचं नाही. काकी हसली की रडली ते मला कळलं नाही, सीट हलली एवढं खरं. आमोण्याच्या अलीकडची नावेली आली तेव्हा ती म्हणाली, "घेवन ये त्येका. माझ्यान आता ह्या हेल्मेट घालूक होवचा नाय."

काकीला आमोण्याला सोडून दहाला दोन मिनिटं असताना आम्ही स्टँडावर परतलो. सगळे जमले होते. आनंदीने तर टोपली उचलून पुढे आणली होती. स्वप्नील हाताची घडी घालून उभा. रघुनाथ म्हणाला, सांग. गुरुदासच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मान खाली गेली. मला वाटलं, गेलं सगळं.

पण तो माझ्यावरून उतरलाच नव्हता. दोन्ही हात हँडलवर, डोळे पुढे रस्त्यावर. तसाच, कोणाकडेही न बघता तो म्हणाला, "स्वप्नील, बस फाटल्यान. हांव दर बुधवारा खंय वतां तें दाखयतां."

मागे बस, कुठे जातो ते दाखवतो, हे ऐकून स्वप्नीलच्या जागी दुसरा कोणी असता तर नको म्हणाला असता. पण स्वप्नीलचा स्वभाव असा, की चोर पकडायचा तर स्वतःच्या डोळ्यांनी. गुरुदासने ते बरोबर ओळखलं होतं. जो बोलत नाही तो चार वर्षं एका ओळीत उभा राहून नुसतं बघत असतो, हे बोलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

स्वप्नील बसला. टोकाला, दांडी आवळून. आयुष्यभर पुढे बसलेला माणूस, त्याला मागे बसता येत नव्हतं. प्रत्येक वळणाला उलट्या बाजूला कलायचा, पाय ब्रेक शोधायचे. दोनदा म्हणाला, जोरात मार. चाळीस ते चाळीसच.

कुडणे मागे पडलं तेव्हा गुरुदास म्हणाला, "हेल्मेटवाली म्हणून तुमी हांसताले न्ही? ती तुजी आवय."

आवय म्हणजे आई. मी त्या क्षणाची वाट बघत होते. ब्रेक शोधणारे पाय थांबले.  मग स्वप्नील ओरडला, "थांबय. गाडी थांबय म्हणतंय ना."

"आमोण्यां पावल्यार थांबयतां," गुरुदास म्हणाला, आणि बोलत राहिला. या माणसाने चार वर्षांत स्टँडावर जेवढे शब्द काढले नसतील तेवढे त्या अर्ध्या वाटेवर काढले. पोयांची पिशवी, काच खाली ओढणं, पाच महिन्यांचं पोर, ओढा आणि पाठीवर बसवलेली बहीण. स्वप्नीलने शिव्या दिल्या, उडी मारतो म्हणाला, मारली नाही. नावेलीपाशी त्याचा आवाज बंद झाला. मग एका खड्ड्यात मी दणकले, आणि त्याने दांडी सोडून गुरुदासचा खांदा धरला. खड्डा गेला तरी तो हात काढायचं विसरला.

शीतलचं घर शेताच्या कडेला, कौलारू, दोन खोल्यांचं. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा लक्ष्मीकाकी उंबऱ्यात बसली होती, डोकं उघडं. शीतल बाळाला घेऊन बाहेर आली आणि तिथेच थांबली. सर्वेश वाफ्यात पाणी घालत होता, त्याच्या हातातली कळशी तशीच राहिली. गुरुदासने मला बंद केलं आणि उतरून बाजूला झाला. स्वप्नील उतरला नाही. सवयीने पुढच्या सीटवर सरकला आणि माझ्यावर एकटा बसून राहिला.

"दादा, भितर ये," शीतल म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तो वाफ्याकडे बघत होता. सरीसरीने लावलेली तांबडी भाजी, नुकतं पाणी पडलेली, उन्हात लाल.

"आये," तो म्हणाला, "ही भाजी..."

"तीच," काकी म्हणाली. "तूच खातंस दर बुधवारी. दोनदा मागून घेतंस."

"बाजारातली म्हणालंस."

"मगे काय सांगतलंय? शीतलची म्हटलंय तर तू खाल्लं असतंस?"

स्वप्नील माझा आरसा उगीच वळवत राहिला.  तेवढ्यात शीतल दोन पावलं पुढे आली. बाळाने मला बघितलं. माझं पिवळं मडगार्ड बघितलं की सगळी पोरं अशीच झेपावतात. शीतलने घाबरत घाबरत त्याला माझ्या टाकीवर टेकवलं. आता ते पडू नये म्हणून कोणीतरी धरायला हवं होतं, आणि सगळ्यात जवळ स्वप्नीलचेच हात होते.

त्याने धरलं.

बाळाने हँडलावर हात आपटले. स्वप्नीलने त्याचं बोट धरून माझ्या हॉर्नवर ठेवलं आणि दाबलं. माझा हॉर्न म्हातारा, घसा बसल्यासारखा वाजतो. बाळ आधी दचकलं, मग हसलं. स्वप्नीलने परत दाबला. मग परत. त्या दिवशी आमोण्यात माझी बॅटरी जवळजवळ उतरली, पण मी तक्रार केली नाही.

स्टँडावर परत आल्यावर रघुनाथने सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. या वेळी जरा जास्तच वेळ पुसला. म्हणाला, कारण काही असो, आडून पॅसेंजर उचलला तो उचलला. महिनाभर बुधवारी गुरुदासने ओळीत सगळ्यात शेवटी लागायचं. मला हे पटलं. रीत ती रीत.

पुढच्या बुधवारी आम्ही शेवटी लागलो. स्वप्नील त्या दिवशी पहिला होता. त्याने काही न बोलता आपली गाडी ओळीतून काढली आणि आमच्या मागे आणून लावली. महिनाभर तो तिथेच उभा राहिला. आनंदीने दोघांनाही एकेक अबोलीचं फूल दिलं आणि दिवसभर कोणाचीच बातमी सांगितली नाही, याची मात्र डिचोलीत बातमी झाली.

तुम्हाला वाटेल, आता स्वप्नील शांत झाला असेल आणि गुरुदास बोलका. तसं काही झालं नाही. स्वप्नील आजही हॉर्नवर हात ठेवून भांडतो. सर्वेशशी अजून मोजकंच बोलतो. सुरुवातीला काकीला आमोण्याला स्वतः न्यायचा. दोन बुधवार तिने काढले, तिसऱ्या बुधवारी ती उघड्या डोक्याने स्टँडावर आली आणि स्वप्नीलकडे बोट करून सगळ्यांसमोर रघुनाथला म्हणाली, "माका गुरुदासच्या गाडयेर घाल बाबा. ह्येच्या मागे बसलंय तर नातवाचा लगीन बघूक उरायचंय नाय." तेव्हापासून नंबर कोणाचाही असो, बुधवारी काकी आमची, हे रघुनाथने चष्मा न पुसताच मान्य केलं.

आणि गुरुदास? परवा चहावाल्याने त्याला काळा चहा दिला. तो प्याला.

माणसाचा स्वभाव मडगार्डासारखा रंगवता येत नाही, हे मी चौदा वर्षांत बघितलं. पण तोच स्वभाव घेऊन माणूस कुठवर जाऊ शकतो, तेही मी बघितलंय, आणि माझ्याच सीटवर बघितलंय.

पुढच्या वर्षी मला पंधरा वर्षं होतात आणि माझे नोंदणीचे कागद संपतात. माझं इंजिन अजून पक्कं आहे, पण कागदाला इंजिन ऐकू येत नाही. गुरुदास म्हणतो, नवीन घेतली तरी माझं पिवळं मडगार्ड काढून तिला लावणार. लाव म्हणावं. खोक मात्र भरू नकोस.

तोवर मी इथेच आहे, डिचोलीच्या स्टँडावर, नऊ गाड्यांत सगळ्यात जुनी. कधी आलात तर बसा. तुमचं कुणाला काही सांगायचं राहिलं असेल आणि समोर उभं राहून जमत नसेल तर त्या माणसाला माझ्यावर पुढे बसवा, नाहीतर मागे. रस्ता लांबचा घ्या. वेग मी सांभाळते.